नकाशात शेजारची इमारत नव्हती

२०१९च्या एप्रिलअखेरीस पुण्याचा पारा ४३ अंशांवर गेला, तेव्हाची एक रात्र मला लख्ख आठवते. कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरं, बांधकाम १९८६चं. आम्ही सगळ्यात वर. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ह्यांनी खिडक्या सताड उघडल्या, पंखा पाचवर लावला, फरशीवर पाणी शिंपडून सतरंजी अंथरली, तरी डोळ्याला डोळा लागेना. पाणी प्यायला उठले आणि अंधारात भिंतीला हात टेकला. भिंत चक्क गरम होती. चुलीवरून उतरवलेला तवा अर्ध्या तासानं जसा लागतो, तशी. दार उघडून जिन्यात आले तर तिथे बरंच सुसह्य होतं. बाहेर गारवा उतरायला लागला होता आणि आमचं घर मात्र दिवसभर साठवलेलं ऊन आता आमच्यावर सोडत होतं.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण आपलं स्वतःचं घर कधी तापतं आणि कधी निवतं, हे कधी मोजलं नव्हतं. त्या रात्री ठरवलं, मोजायचं. पुढे सोसायटीचा पुनर्विकास आला आणि ते मोजमाप आम्हाला थेट नव्या इमारतीच्या आराखड्यापर्यंत घेऊन गेलं. आज पुण्यात गल्लोगल्ली जुन्या सोसायट्या याच वाटेनं चालल्या आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी चार छोटी डिजिटल यंत्रं आणली. एक आमच्या बेडरूममध्ये, एक पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे त्याच बाजूच्या खोलीत, एक जिन्यात आणि एक उत्तरेच्या गॅलरीत. गॅलरीतल्या यंत्रावर थेट ऊन पडू नये म्हणून ह्यांनी जुन्या लाकडी फळ्यांचा, हवा खेळेल असा खोका करून दिला. हवामान खात्याच्या वेधशाळेत तापमापक असाच झडपांच्या पांढऱ्या पेटीत, हिरवळीवर, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर ठेवलेला असतो. पुण्यात त्या कचेरीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ साली ती सिमल्याहून इथे आली. पेपरात छापून येणारा पुण्याचा आकडा तिथला. आपल्या गल्लीचा आकडा वेगळा असू शकतो, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं, अंगानं माहीत नव्हतं.

दोनशे पानी वहीत रोज चार नोंदी. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पहिल्या पंधरा दिवसांतच चित्र उमटायला लागलं. आमची बेडरूम सगळ्यात जास्त तापायची ती दुपारी दोनला नव्हे, रात्री आठ-नऊच्या सुमारास. वरच्या स्लॅबमधून उष्णता आत पोचायला चार-पाच तास घेते. दुपारी बाराचं ऊन संध्याकाळी घरात येतं आणि तीन-चारचं ऊन नेमकं आपण झोपायला टेकतो तेव्हा. आजींची खोली रात्री दहाला आमच्यापेक्षा चार अंशांनी कमी असायची, कारण त्यांच्या डोक्यावर दोन घरं होती आणि आमच्या डोक्यावर आभाळ. पहाटे सहाला गॅलरीतला आकडा पेपरातल्या किमान तापमानापेक्षा बहुतेक दिवस दोन-अडीच अंशांनी वर असायचा. माझी फळ्यांची पेटी म्हणजे काही वेधशाळा नव्हे, पण रोज रोज एकाच दिशेला दिसणारा फरक नुसता यंत्राचा दोष नसतो.

शहर रात्री निवत का नाही, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सूर्य मावळला की जमीन आणि भिंती आपली उष्णता आभाळाकडे सोडायला लागतात. मोकळ्या माळावर उभं राहिलं तर चहूकडून आभाळ दिसतं, म्हणून माळ भराभर निवतो. आमच्या गल्लीत खिडकीतून वर पाहिलं तर आभाळाची एक पट्टी दिसते, बाकी सगळ्या भिंती. एका भिंतीतून निघालेली उष्णता समोरच्या भिंतीवर पडते, समोरची ती परत पाठवते. त्यात डांबरी रस्ता, सिमेंटचं अंगण, एसीच्या मागून येणारी गरम हवा, गाड्यांची इंजिनं. ओलावा धरणारी माती आणि झाडं कमी, त्यामुळे बाष्प होऊन गारवा येण्याची वाटही बंद.

आम्ही १९८६ साली राहायला आलो तेव्हा पश्चिमेला एक बैठा बंगला होता आणि त्यापलीकडे बरंच मोकळं. उन्हाळ्यात दुपारी कितीही भाजलं तरी चार-पाचनंतर मुळशीच्या बाजूनं वारा सुटायचा आणि पडदे आडवे व्हायचे. स्वयंपाकघरात गॅसची ज्योत विझायची, म्हणून मी ओट्यापाशी पत्र्याचा आडोसा लावला होता. तो आडोसा कधीतरी माळ्यावर गेला. का गेला, हे वही लिहिताना लक्षात आलं. २०१४ साली त्या बंगल्याच्या जागी अकरा मजली इमारत उभी राहिली होती.

त्या इमारतीचा आम्हाला फायदाही झाला, हे आधी सांगायला हवं. साडेतीननंतर तिची सावली आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर येते आणि ती भिंत पूर्वीइतकी तापत नाही. पण वारा थांबला. घर तापणं निम्म्यावर आलं तरी निवणं जवळजवळ बंद पडलं, तर रात्रीचा हिशेब तोट्यातच जातो.

मग माझ्या आईच्या माहेरचा शनिवारातला वाडा आठवायला लागला. तिथली बोळंही अरुंदच होती, समोरच्या ओसरीवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यायचं. तरी मे महिन्यात आम्ही मुलं दुपारी माजघरात गार फरशीवर लोळायचो. हात-दीड हात जाडीच्या भिंती, दोन मजल्यांवर न जाणारी उंची, मधोमध आभाळाला उघडा चौक, चौकात हौद. बोळातली सावली दिवसा भिंत तापू देत नसे आणि रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाई. अरुंदपणा तिथे कामाला यायचा, कारण बाकीचं सगळं त्याच्या जोडीला होतं. आपण अरुंदपणा ठेवला, उंची पाचपट केली, चौकाचा अरुंद, बंदिस्त डक्ट केला.

आमच्या वरच्या उकाड्याचं आणखी एक कारण होतं आणि ते आम्हीच आणलेलं होतं. २०१६च्या पावसाळ्यात गच्ची गळायला लागली, म्हणून सोसायटीनं जुन्या कोब्यावर काळी डांबरी शीट चिकटवून घेतली. गळती थांबली. कुणाच्या मनात रंगाचा विचारही आला नाही. ह्यांच्या एका मित्राकडून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी गन आणली आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनला गच्चीवर गेले. काळ्या शीटवर ६१ अंश. पाण्याच्या टाकीखाली जुन्या चायना मोझॅकचा, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या फरशीचा, एक तुकडा उरला होता, त्याच्या उन्हातल्या कडेला ४४. चार पावलांच्या अंतरावर सतरा अंशांचा फरक.

२०२१च्या मार्चमध्ये मी कमिटीला विनंती केली की, आमच्या बेडरूमवरचा भाग तरी पांढरा करू द्या, खर्च आम्ही देतो. शीट घासून, धुऊन, त्यावर प्रायमर आणि ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. शेजारच्या घरावरचा भाग काळाच राहू दिला. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या नोंदीत आमची बेडरूम शेजारच्या बेडरूमपेक्षा तीन अंशांनी कमी भरली. शेजारचे काका रात्री आमच्याकडे येऊन छताला हात लावून गेले आणि पुढच्या रविवारी सगळी गच्ची पांढरी झाली. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला आणि पुढे त्या शहरात गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं कामही झालं, ते मी वाचलं होतं. पण पटलं ते आपल्या छताला हात लावल्यावर.

पुढच्या वर्षी पुनर्विकासाचा विषय निघाला. इमारतीचे गज उघडे पडले होते, लिफ्ट नव्हती, चार घरांतली माणसं सत्तरी ओलांडलेली. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार सहकारी संस्था कायद्यातल्या कलम ७९(अ)ची सगळी पद्धत पार पाडायची होती. सभेला दोनतृतीयांश सभासदांची हजेरी, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, सल्लागार, निविदा, सगळं. ती प्रक्रिया आमच्याकडे बऱ्यापैकी सुरळीत झाली, त्यावर जास्त लिहीत नाही. सभांमधले प्रश्न मात्र सगळीकडे असतात तेच होते. कार्पेट किती वाढवून मिळणार, कॉर्पस म्हणजे डेव्हलपरकडून येणारी एकरकमी रक्कम किती, भाडं किती, पार्किंग किती. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. सोळा कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यात असते. पण घर किती चौरस फुटांचं, हे चार-चार सभांमध्ये बोललं गेलं आणि त्या घरात मे महिन्यात झोप लागेल का, हे एकदाही नाही.

निवडलेल्या डेव्हलपरच्या आर्किटेक्टनी पहिलं सादरीकरण केलं. तीन मजले पार्किंग, वर अकरा मजले घरं, एका मजल्यावर चार घरं, शिवाय लिफ्ट आणि जिना. पडद्यावर इमारत उभी होती, भोवती हिरवळ, मागे निळं आभाळ, पश्चिमेला जमिनीपर्यंत काचेच्या मोठ्या फ्रेंच विंडो. सगळे खूश होऊन बघत होते. मी विचारलं, “यात शेजारची अकरा मजली इमारत कुठे आहे?”

ते म्हणाले, “मॅडम, हे फक्त आपलं एलिव्हेशन आहे.”

“मग वारा आणि उजेड बघताना ती धरली आहे का?”

ती धरलेली नव्हती. पूर्वेची दोन मजली नव्हती, दक्षिणेला मंजूर होऊन काम सुरू झालेली बारा मजलीही नव्हती. आमची इमारत जणू माळावर उभी राहणार होती. यात त्या आर्किटेक्टचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. मंजुरीचा नकाशा प्लॉटच्या हद्दीत संपतो. बाजूला किती मोकळी जागा सोडायची, आगीच्या बंबाला फिरायला किती हवी, हे नियमात आहे. हद्दीपलीकडे काय उभं आहे त्यानुसार खिडकी कुठे हवी, हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी काढत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी आर्किटेक्ट आहे आणि इमारतींतला उजेड, वारा, उष्णता यांचं विश्लेषण करण्याचंच काम करते. तिला घरी बोलावलं. तिनं माझी वही पहिल्या पानापासून वाचली आणि म्हणाली, “मावशी, संगणकात आम्ही जी हवामानाची फाइल घालतो ना, ती मोकळ्या मैदानातली असते. वाऱ्याचा वेग दहा मीटर उंचीवर, आडोसा नसलेल्या ठिकाणी मोजलेला. ती तशीच घातली तर सगळ्या घरांत छान वारा दिसतो. तुझ्या गल्लीत तो वारा पोचतच नाही.” ती दोन रविवार आमच्याकडे राहिली. आजूबाजूच्या इमारतींचे मजले मोजले, मधली अंतरं टेपनं घेतली, दक्षिणेच्या नव्या इमारतीचा मंजूर नकाशा मिळवला आणि सगळी गल्ली संगणकात उभी केली.

निकाल बघून मी गप्पच झाले. नुसती आमची इमारत ठेवली तेव्हा पश्चिमेच्या सगळ्या बेडरूममध्ये वारा खेळत होता. शेजार उभा केल्यावर पार्किंगच्या वरच्या पहिल्या पाच-सहा मजल्यांवर पश्चिमेला हवा जवळजवळ स्तब्ध. वरच्या तीन मजल्यांवर मात्र भरपूर, कारण ती शेजारच्या इमारतीच्या डोक्यावरून येत होती. आणि नैऋत्येच्या कोपऱ्यात, पश्चिमेची आणि दक्षिणेची इमारत यांच्यामधल्या फटीतून, वारा चिमटून चांगल्या वेगानं येत होता. आराखड्यात त्या कोपऱ्यात काय होतं? लिफ्टच्या मशिनरीला लागून आलेली आंधळी भिंत आणि दोन संडास.

यानंतर चार महिने आम्ही एकेका मुद्द्यावर बोलत राहिलो. सभासदांना समजावणं हा त्यातला मोठा भाग होता. एका सभेला मी बुटांचा खोका नेला. एका बाजूला खिडकी कापलेली, वर पुठ्ठ्याचा सज्जा. दिवे घालवून मोबाइलची बॅटरी सूर्यासारखी फिरवली. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो, मार्च-एप्रिलमध्ये त्याहून बराच वर. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी सज्जा उन्हाळ्याचं ऊन अडवतो आणि थंडीतलं थोडं आत येऊ देतो. पश्चिमेला बॅटरी खाली आणली तर सज्जाखालून उजेड थेट खोक्याच्या मागच्या भिंतीवर. संध्याकाळचा सूर्य आडवा येतो, त्याला डोक्यावरचा सज्जा काहीच करू शकत नाही. तिथे सिमेंटचे उभे पडदे हवेत, भिंतीच्या बाहेर आलेले. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

उत्तरेबद्दलही एक गैरसमज होता. उत्तरेला ऊन येतच नाही असं सगळे धरून चालतात. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि जुलैअखेर पुन्हा एकदा. मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि २१ जूनला तो पश्चिमेच्या उत्तरेला जवळजवळ २५ अंश सरकून मावळतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढग येण्याआधी उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ ऊन पडतं. हे मी वर्गात किती वेळा शिकवलं होतं, आणि आता ते आमच्या घरांच्या खिडक्यांसाठी मांडत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कार्पेटखेरीज दुसऱ्या गोष्टीवर दीड तास चर्चा झाली.

डक्टचा मुद्दा सगळ्यात कठीण गेला. मूळ आराखड्यात चारही घरांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं दोन डक्टमध्ये उघडत होती आणि एसीचे आउटडोअरही त्याच डक्टमध्ये. खालचं यंत्र गरम हवा सोडणार, ती वर चढणार, वरचं यंत्र तीच गरम हवा आत ओढून थंड करायला झगडणार. सगळ्यात वरच्याला सगळ्यात जास्त वीज. आणि सहाव्या मजल्यावरची बाई फोडणी देताना खिडकी उघडेल तेव्हा तिच्या घरात काय येईल? मी गोवंडीच्या पाहणीबद्दल सांगितलं. मुंबईत पुनर्वसनाच्या इमारती इतक्या जवळ बांधल्या गेल्या की नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. आयआयटी मुंबई आणि ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही स्वयंसेवी संस्था यांनी तिथे आणि आसपासच्या वसाहतींत केलेल्या अभ्यासात उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. एक सभासद म्हणाले, “ताई, ती झोपडपट्टी पुनर्वसनाची गोष्ट, आपली कोथरूडची सोसायटी.” मी म्हटलं, जंतूला आणि हवेला पत्ता वाचता येत नाही. तिथल्या माणसांना निवडीचा हक्क दिला गेला नव्हता, आपल्याला आहे, तेवढाच फरक.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली आहे. इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नसावी, असं ती सांगते. छतासाठी वेगळी मर्यादा, आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांसाठी वेगळी. यातला ‘उघडता येणाऱ्या’ हा शब्द मला फार मोलाचा वाटला. आपण सगळे स्लायडिंग खिडक्या लावतो. सहा फुटी खिडकी घेतली तरी दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगमध्ये एका वेळी निम्मीच उघडते. तीन ट्रॅकची असेल तर दोनतृतीयांश. जुन्या बिजागरीच्या खिडकीचे पल्ले उघडले की जवळजवळ पूर्ण खिडकी मोकळी. आम्ही आर्किटेक्टना संहितेप्रमाणे हिशेब करून मागितला. पहिला आराखडा १५च्या वर गेला.

डेव्हलपरशी बोलणी कधी गोडीत, कधी ताणून झाली. त्यांच्या बाजूनंही बघायला हवं. विकायच्या घरांना पश्चिमेची काच आणि बाहेरून दिसणारा दिमाख लागतो, आणि प्रत्येक बदलाला पैसा. शेवटी जे मिळालं ते असं. लिफ्ट आणि जिना ईशान्येकडे सरकले, नैऋत्येचा कोपरा दोन घरांच्या हॉलसाठी मोकळा झाला. पश्चिमेच्या फ्रेंच विंडोंची उंची कमी झाली, बाहेर सिमेंटचे उभे पडदे आले. बाहेरच्या भिंती आठ इंची हलक्या एएसी ब्लॉकच्या ठरल्या. बेडरूमच्या खिडक्या बिजागरीच्या. एसीचे आउटडोअर डक्टमधून निघून ड्राय बाल्कनीच्या बाहेर, जाळीमागे, मोकळ्या हवेत गेले. गच्चीवर इन्सुलेशन आणि त्यावर पांढरं चायना मोझॅक, हे करारनाम्यातच लिहून घेतलं. सुधारलेला हिशेब १५च्या आत बसला.

जे मिळालं नाही त्यात आमचा आंबा होता. १९८७ साली आमच्या पहिल्या सेक्रेटरींनी कंपाउंडच्या आग्नेय कोपऱ्यात लावलेला. मे महिन्यात दुपारी त्याच्याखाली यंत्र धरलं की बाजूच्या सिमेंटच्या अंगणापेक्षा चार-पाच अंश कमी दाखवायचं. वॉचमनची खुर्ची, इस्त्रीवाल्याचं टेबल आणि शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं, सगळी तिथेच. पार्किंगचे तीन मजले हद्दीच्या जवळपर्यंत हवे होते, नाहीतर गाड्या बसत नव्हत्या. भाचीनं कोपरा वाचवणारे तीन पर्याय काढले. प्रत्येकात सहा-सात गाड्या कमी होत होत्या आणि सभेनं मतदान करून गाड्या निवडल्या. राज्याच्या कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्षाचं संरक्षण आहे. आमचा आंबा तेव्हा सदतीस वर्षांचा होता. खोडावर नोटीस लागली, त्या दिवशी मी खाली जाऊन ती पूर्ण वाचली आणि हरकत नोंदवली. तोडायला माणसं आली तेव्हा झाड कैऱ्यांनी लगडलेलं होतं. इस्त्रीवाल्यानं कैऱ्या पोत्यात भरून सोळाही घरांत पोचवल्या. मी लोणचं घातलं नाही, मला ते जमलं नसतं. आजही मला वाटतं की तो निर्णय चुकला.

२०२४मध्ये घर रिकामं केलं. आता आम्ही वारज्यात भाड्यानं राहतो आणि दर आठवड्याला साइटवर चक्कर मारतो. मागच्या महिन्यात सुपरवायझरनी हेल्मेट देऊन सहाव्या स्लॅबवर नेलं. संध्याकाळचे सव्वापाच. भिंती अजून आलेल्या नाहीत, नुसते कॉलम आणि खाली पसरलेल्या सळया. पश्चिमेच्या कडेला उभी राहिले तर समोर शेजारची भिंत आणि हवा ठप्प. मग चालत नैऋत्येच्या कोपऱ्यात गेले. पदर उडाला. तो डोक्यावर घेऊन मी तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

खाली उतरले तर पूर्वेच्या दोन मजली इमारतीतल्या वहिनी फाटकापाशी थांबल्या होत्या. तीस वर्षांची ओळख, संक्रांतीला वाण लुटायला यायच्या. म्हणाल्या, “ताई, तुमची चौदा मजली झाली की आमचा वारा जाणार का हो?”

त्यांना खोटं सांगणं शक्य नव्हतं. भाचीनं केलेल्या चित्रात त्यांची इमारत होती, आणि ती नव्या इमारतीच्या आडोशाला गेलेली स्पष्ट दिसत होती. दुपारनंतर सावली मिळेल, संध्याकाळचा वारा मात्र बराच कमी होईल. पश्चिमेच्या इमारतीनं आमचं जे केलं तेच आम्ही त्यांचं करतो आहोत. चित्र बघितल्यानंतर पार्किंगच्या मजल्यांना पूर्व-पश्चिम भिंत न घालता जाळी ठेवावी, म्हणजे खालून तरी हवा आरपार जाईल, एवढं आम्ही मागून घेतलं होतं. ते मान्य झालं आहे. ते वहिनींना सांगितलं, आणि तेवढ्यानं पुरणार नाही हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडेही एक डेव्हलपर दोनदा येऊन गेला आहे.

परवा त्यांच्याकडे जाऊन दोन यंत्रं लावून आले. एक वरच्या बेडरूममध्ये, एक उत्तरेच्या गॅलरीत, ह्यांनी केलेल्या त्याच फळ्यांच्या पेटीत. सोबत नवी दोनशे पानी वही, रकाने आखून. सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. आमचा सातवा स्लॅब अजून पडायचा आहे, त्यामुळे त्यांच्या घरात आत्ता जे आहे त्यातलं बरंचसं लिहून ठेवता येईल. पहिली नोंद त्यांनी माझ्यासमोर केली. संध्याकाळी सहा वाजता, आत ३३.४, बाहेर ३०.८, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःहून लिहिलं, ‘पडदा हलतो आहे.’